प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत मोठा अवयव आहे, आणि तो बाहेरच्या बाजूला असल्यामुळे सगळ्यांना दिसतो. नेमक्या ह्याच कारणामुळे त्याबद्दल मत देण्याचा अधिकारही सगळ्यांना असतो. शेजारीण मत देते, न्हावी मत देतो, बसमध्ये बाजूला बसलेला अनोळखी गृहस्थसुद्धा "उष्णतेचं आहे, दुसरं काही नाही" असं ठामपणे सांगून आपल्या थांब्यावर उतरून जातो. त्वचेबद्दल ज्याला खात्रीने काहीही सांगता येत नाही, असा समाजात एकच माणूस आहे. तो म्हणजे ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर. त्यासाठी त्याला बारा वर्षं शिकावं लागतं.

आपल्या कथेतले डॉक्टर अशांपैकीच एक आणि आपल्या विषयात अत्यंत नावाजलेले. (ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं, हा भाग वेगळा.) रुग्णालयात त्यांना ‘खालचे डॉक्टर’ म्हणत, कारण ते तळघरात बसत. खोलीच्या एका बाजूला चादरी धुण्याचं यंत्र धडधडत असे, दुसऱ्या बाजूला मोडक्या खुर्च्यांची कोठी होती. छताला टेकलेली एक अरुंद खिडकी बाहेर फुटपाथच्या पातळीला उघडत असे आणि तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. डॉक्टरांनी त्या खिडकीला जाड कागद चिकटवून टाकला होता. उजेडाचा त्रास होतो, असं ते सांगत. खरं म्हणजे अख्खे पाय पाहिले की त्यांचं लक्ष विचलित होई.

निदानाची रीत अशी. माणसाच्या अंगावर काहीतरी उठतं. तो ते आधी लपवतो, मग खाजवतो, मग त्यावर शेजारणीने दिलेलं मलम लावतो आणि ते नीट बिघडलं की तिसऱ्या मजल्यावरच्या ‘वरच्या डॉक्टरां’कडे जातो. वरचे डॉक्टर अख्खा रुग्ण बघतात. ते भिंग लावतात, ‘हं’ म्हणतात, मसुरीच्या दाण्याएवढा तुकडा कापतात आणि औषधी पाण्याच्या बाटलीत टाकून खाली पाठवतात. सोबतच्या चिठ्ठीत लिहितात, ‘सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते त्याच्याशी ताडून निर्णय घेऊ.’ खाली तंत्रज्ञबाई तो तुकडा मेणात बसवतात, कागदाहून पातळ काप काढतात, काचेवर पसरतात आणि गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात. मग खालचे डॉक्टर काच बघतात, ‘हं’ म्हणतात, अहवाल लिहितात आणि त्याच्या शेवटी न चुकता लिहितात, ‘प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे.’ अशा रीतीने वरच्यांचा खालच्यांवर आणि खालच्यांचा वरच्यांवर संपूर्ण विश्वास असतो. रुग्ण तेवढा मधल्या जिन्यावर बसलेला असतो.

अहवालाची भाषा ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिच्याविषयी लोकांत उगाच गैरसमज आहेत. ‘सुसंगत आहे’ म्हणजे तेच आहे, पण मी म्हटलं असं सांगू नका. ‘सूचक आहे’ म्हणजे बहुधा तेच आहे. ‘विशेष काही आढळले नाही’ म्हणजे वरच्यांनी तुकडा भलत्याच जागेचा काढला. आणि ‘नाकारता येत नाही’ म्हणजे तेच आहे, आणि ते वाईट आहे. एका पाहणीनुसार (ही पाहणी ह्या कथेसाठी खास करवून घेतलेली आहे) ‘नाकारता येत नाही’ असं लिहिणारा एकही डॉक्टर आजवर खोटा ठरलेला नाही. खरा ठरल्याचीही नोंद नाही, पण ती कुणी मागत नाही.

ह्याशिवाय रुग्णालयाचे दोन उत्तम नियम होते. पहिला, बाटलीवर रुग्णाचं नाव असता कामा नये, फक्त क्रमांक, वय, स्त्री की पुरुष आणि शरीरावरची जागा. त्यामुळे पक्षपात होत नाही. दुसरा, कुणाही डॉक्टराने आपल्या नातेवाइकाचा तुकडा तपासू नये. त्यामुळेही पक्षपात होत नाही. पहिला नियम पाळल्यावर दुसरा पाळला जातोय की नाही हे कुणालाच कळणार नाही, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती अशातला भाग नाही. फक्त दोन्ही नियम वेगवेगळ्या समित्यांनी केले होते.

इतकी वर्षं एकच भाषा लिहिल्यावर ती घरी येणारच. भाजीत मीठ बरोबर पडलंय का, असं बायकोने विचारलं की डॉक्टर म्हणत, "चव मीठ असण्याशी सुसंगत आहे." लग्नाआधी एकदा तिने धीर करून विचारलं होतं, "मी आवडते ना तुम्हाला?" त्यावर ते थोडा विचार करून म्हणाले होते, "तसं नाकारता येत नाही." तिला वाटलं, माणूस गमत्या आहे. ती पोट धरून हसली होती. गैरसमज दूर व्हायला पुढे काही वर्षं गेली, पण तोवर संसार लागला होता.

बायकोचा स्वतःचा पेशा नेमका उलटा. ती बस स्थानकावर उद्घोषक होती. काचेच्या एका छोट्या खोलीत बसून ती ध्वनिक्षेपकातून सांगे, की अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, आणि लोक धावत जाऊन त्या गाडीत बसत. गाडी येणं नाकारता येत नाही, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. तिच्या आवाजावर माणसं सामानसुमान, म्हातारेकोतारे घेऊन निघून जात, आणि योग्य गावाला पोचत.

तर ह्या बायकोच्या डाव्या पोटरीवर एक काळा डाग होता. तो बराच जुना होता, पण गेल्या वर्षभरात त्याने हातपाय पसरले होते आणि त्याची एक कड वेडीवाकडी झाली होती.

"अहो, हे बघा ना जरा," एका सकाळी ती पाय पुढे करून म्हणाली. "वाढलंय असं वाटतंय."

डॉक्टरांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांना काहीच दिसलं नाही. ज्या गोष्टीची त्यांना अक्षरशः खडान्‌खडा माहिती होती, तिच्यावर कसलं तरी तपकिरी आवरण घातलेलं होतं.

"असं वरून बघून काही सांगता येत नाही गं."

"कातडीचे डॉक्टर ना तुम्ही?"

"हो, पण वरून नाही."

शेजारणीने मात्र दारातूनच पाहून निकाल दिला. "काही नाही, तीळ आहे. माझ्या नणंदेला अस्साच होता."

"कुठे असतात त्या आता?"

"ती गेली. पण ती दुसऱ्याच कशाने तरी गेली."

एवढा दिलासा मिळूनही बायकोचं समाधान झालं नाही. पुन्हा एकदा, आणि आणखी एकदा, तिने डाग नवऱ्याला दाखवला आणि दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं. शेवटी ती म्हणाली, "सोमवारी मी तुमच्या वरच्या डॉक्टरांना दाखवून येते." डॉक्टर तेव्हा पायाच्या नखांतल्या बुरशीवरचा एक विद्वत्तापूर्ण लेख वाचत होते. ते म्हणाले, "बरं." (पुढे त्यांचं म्हणणं पडलं की असं काही बोलणंच झालं नव्हतं. नवऱ्यांच्या बाबतीत ही लक्षणं नेहमीचीच असून त्यांवर उपचार नाही.)

त्याच आठवड्यात, एका सकाळी डॉक्टरांच्या पुढ्यात एक काच आली. स्त्री, वय पंचेचाळीस, डावी पोटरी, काळा डाग.

त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा!" ते मोठ्याने म्हणाले. तंत्रज्ञबाई हातातला साबण तसाच ठेवून धावत आल्या. "बघा, बघा, किती सुंदर आहे!" बाईंनीही डोळा लावला आणि "अय्या, खरंच हो," म्हणाल्या. इथे वाचकाला सांगायला हवं, की ह्या व्यवसायात निरोगी त्वचेकडे कुणी ढुंकून बघत नाही. पेशी जितक्या बेताल, जितक्या आपली जागा सोडून वर चढलेल्या, तितकी काच देखणी. देव करो आणि आपल्या कातडीला तळघरात कुणी सुंदर न म्हणो. ही काच तर इतकी सुंदर होती, की डॉक्टरांनी परिषदेत दाखवायला तिचे फोटो काढून ठेवले. निदानाबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आयुष्यभराच्या सवयीने लिहिलं: ‘रंगपेशींची अनियमित वाढ आढळते. चित्र सुरुवातीच्या घातक बदलास सूचक असून कर्करोग नाकारता येत नाही. प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे.’ अहवाल दुपारच्या आत वर गेला.

संध्याकाळी डॉक्टर घरी आले ते गुणगुणतच. जेवायला बसले आणि त्यांनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

"आज फार सुंदर केस आली होती," ते म्हणाले.

"हो? कुणाची?"

"आमच्याकडे नाव नसतं गं. एक बाई आहे. पंचेचाळीसची. पोटरीवरचा डाग."

बायकोचा हात ताटातच थांबला. "डावी की उजवी?"

"डावी," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना फार बरं वाटलं. त्यांच्या कामात तिने इतका रस आजवर कधी घेतला नव्हता.

"मग काय झालंय तिला?"

"ते असं एकदम..."

"तुम्हाला कळलं की नाही कळलं?"

"कळलं म्हणजे काय! काच ठेवताक्षणी कळलं. कर्करोग आहे. अगदी सुरुवातीचा आहे पण, आत्ता काढला तर बाई सुटेल."

"मग तसं लिहिलंत?"

"तसं लिहीत नसतात. ‘नाकारता येत नाही’ असं लिहिलं."

"माहीत होतं, तरी?"

"माहीत असलं म्हणून काय झालं?" डॉक्टर समजुतीने म्हणाले. "उद्या काही वेगळं निघालं तर? वरचे डॉक्टर आहेत ना, ते ताडून बघतील."

"बघितलं त्यांनी," बायको म्हणाली. "दुपारी गेले होते मी रिपोर्ट घ्यायला. म्हणाले, खालून काही पक्कं आलेलं नाही, सहा महिन्यांनी दाखवायला या."

आणि तिने डावा पाय उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवला. पोटरीवर पांढरी पट्टी होती. पट्टीच्या कडेने डागाची वेडीवाकडी काळी किनार बाहेर आली होती.

डॉक्टर त्या पट्टीकडे बघत राहिले. "स्त्री, वय पंचेचाळीस," ते म्हणाले आणि पुढचं त्यांच्याने म्हणवेना. ते घाबरले. अख्ख्या नोकरीत त्यांना भीती कशी ती वाटली नव्हती, कारण आजार नेहमी काचेवर असायचा आणि काच पेटीत जायची. आता त्याच आजाराला पाय होता, तो त्यांच्या ओळखीचा होता, आणि रोज सकाळी त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठत होता.

"सुंदर आहे ना?" बायकोने विचारलं.

"अगं, मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात." तिने पाय खाली घेतला नाही. "आता मला एकच सांगा. सहा महिने थांबू का नको? गाडीची वेळ सांगतात तसं सांगा. मला उगाच फलाटावर उभं करून ठेवू नका."

"नको," डॉक्टर म्हणाले. "तो कर्करोग आहे. लगेच काढायचा."

लग्नानंतर त्यांनी बायकोबद्दल उच्चारलेली शेपूट नसलेली ही पहिली वाक्यं. ती ऐकून बायको रडली, आणि हे रडणं कशाशी सुसंगत आहे ते डॉक्टरांना अजिबात कळलं नाही. ते नुसते उठून तिच्याजवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. शिपायाने त्यांना क्रमांकाचा बिल्ला दिला आणि बाकावर बसवलं. वरच्या डॉक्टरांशी त्यांचा इतक्या वर्षांचा पत्रव्यवहार होता, पण दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

"काय त्रास आहे?" वरच्यांनी विचारलं. "शर्ट काढा."

"मी तळघरातून आलोय."

"तिथे ओल असते, बुरशी धरते. काढा शर्ट."

ओळख पटेपर्यंत वरच्यांनी त्यांची पाठ भिंगातून पाहून ‘हं’ म्हटलेलं होतं. मग खालच्यांनी कालची सगळी हकीकत सांगितली. वरच्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"मला डाग बघताक्षणीच ती शंका आली होती," ते म्हणाले. "म्हणून तर तुकडा पाठवला. पण तुम्ही लिहिलंत, नाकारता येत नाही. मग मीही नाकारलं नाही. थांबायला सांगितलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हालाही होतंच की."

खालचे शर्ट घालू लागले. आजार काय आहे हे रुग्णालयात सगळ्यांना माहीत होतं. जिच्या पायावर तो होता, तीच एकटी वाट बघणार होती. हे दोघांपैकी कुणी बोललं नाही, पण खालच्यांनी शर्टाची बटणं लावली ती चुकीची लावली.

"स्पष्ट लिहून द्या," वरचे म्हणाले, "परवा काढतो."

खाली येऊन डॉक्टर संगणकापुढे बसले आणि त्यांनी लिहिलं, ‘हा कर्करोग आहे. काढावा.’ संगणकाने तो अहवाल अपूर्ण म्हणून परत केला.

"साहेब, शेवटचं वाक्य राहिलंय," तंत्रज्ञबाई म्हणाल्या. "ते आपोआप येतं. तुम्ही ते खोडलंत तर पुढे जातच नाही."

तेव्हा डॉक्टरांनी कोरा कागद घेतला, त्यावर तीच दोन वाक्यं हाताने लिहिली, खाली सही केली आणि कागद स्वतः जिना चढून नेऊन दिला. प्रशासनाने ह्याची गंभीर दखल घेतली. ‘अहवालात मत व्यक्त केल्याबद्दल’ त्यांच्याकडे खुलासा मागण्यात आला, आणि सगळेच डॉक्टर असं लिहू लागले तर ताडून पाहण्याची यंत्रणा बसून राहील, अशी साधार भीतीही कळवण्यात आली.

डाग काढला. भोवतालच्या कातडीसकट चांगला ऐसपैस काढला. आता प्रश्न होता तो कडांचा. काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या असल्या तर सगळं निघालं. नसल्या तर मागे काहीतरी राहिलं. ह्या वेळी तुकडा कुणाचा ते सर्वांना माहीत असल्यामुळे दुसरा नियम लागू झाला, आणि बाटली गावातल्या दुसऱ्या रुग्णालयाच्या तळघरात गेली. डॉक्टर वाट बघू लागले. वाट बघणं म्हणजे काय असतं ह्याची त्यांना काहीच माहिती नव्हती. बारा वर्षांत तो विषय कुणी शिकवला नव्हता. भाजीत मीठ आहे का, असं बायकोने एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "मला चवच लागत नाहीये गं."

अहवाल आला. डॉक्टरांनी तो उभ्याउभ्याच वाचला. ‘कडा मोकळ्या असण्याशी सुसंगत. अत्यल्प अवशेष नाकारता येत नाहीत. प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे.’

त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचला. ही भाषा ज्यांनी घडवली त्यांत आपणही आहोत, हे विसरून ते संतापले. त्यांनी तिकडच्या तळघरात फोन लावला.

"अहो, मोकळ्या आहेत की नाहीत?"

"आता तुम्हाला काय सांगायचं," पलीकडून हसू आलं. "तुम्ही ह्यातलेच. ‘सुसंगत’ लिहिलंय ना."

"मी डॉक्टर म्हणून विचारत नाहीये. मी नवरा बोलतोय."

पलीकडचं हसू थांबलं. तिथेही चादरी धुण्याचं यंत्र असावं, ते ऐकू येत होतं.

"मोकळ्या आहेत हो," आवाज हळूच म्हणाला. "चांगल्या हातभर मोकळ्या आहेत. पण मी म्हटलं असं सांगू नका."

डॉक्टर तडक बस स्थानकावर गेले. काचेच्या खोलीत बायको ध्वनिक्षेपकापुढे बसली होती. त्यांनी दार ढकललं आणि म्हणाले, "कडा मोकळ्या आहेत."

"नक्की?"

डॉक्टरांच्या जिभेवर एक वाक्य येऊन उभं राहिलं. ते त्यांनी गिळलं. "नक्की," ते म्हणाले. "सगळं निघालं."

तिने मान डोलावली, बटण दाबलं आणि पुढच्या गाडीची घोषणा केली. तिच्या नोकरीत पहिल्यांदाच तिचा आवाज इतका कापला, की फलाट कुठला ते कुणाला समजलं नाही आणि बरीच मंडळी भलत्याच गाडीत जाऊन बसली. त्यांची तक्रार नंतर आली. दोघांनी ती मिळून वाचली आणि त्या दिवशी डॉक्टरांनी भाजी तिसऱ्यांदा मागितली.

त्यानंतर डॉक्टरांनी खिडकीवरचा कागद काढला. दुपारच्या सुट्टीत ते स्टुलावर उभे राहून फुटपाथवरून जाणाऱ्या पोटऱ्या लक्षपूर्वक बघू लागले, आणि बऱ्याच उशिरा त्यांना अख्ख्या त्वचेची जाण येऊ लागली. मात्र तळघरातला कुणी गृहस्थ पाय बघत असतो, अशी रीतसर तक्रार झाल्यामुळे प्रशासनाने तो कागद पुन्हा चिकटवून घेतला. संगणक अजून शेवटचं वाक्य आपोआप घालतो. डॉक्टर आता त्याच्या खाली हाताने खरं काय ते लिहितात, आणि दरमहा खुलासा देतात.

राहता राहिला वाचक. हे वाचताना त्याचा हात मध्येच एकदा मानेमागे, किंवा दंडावर, किंवा जिथे कुठे ते आहे तिथे जाऊन आला, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. घरातल्या कुणीतरी त्याबद्दल त्याला सांगितलेलंही आहे, आणि वाचक त्यावर ‘बरं’ म्हणाला आहे. ते काहीही नसेल. शेजारणीला विचारलंत तर ती दारातूनच तसं ठामपणे सांगेल. आम्हाला विचाराल, तर आम्ही एवढंच म्हणू की नाकारता येत नाही. बाकी, प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे.